बूट कुणाला हवेत?

प्रणिताच्या टाचेला फोड आला तो नवऱ्याच्या बुटांमुळे. हरेश डोलवीच्या कंपनीत कामाला होता आणि कधीकाळी कंपनीच्या क्रिकेट टीमसाठी घेतलेले त्याचे पांढरे कॅनव्हासचे बूट पलंगाखाली धूळ खात पडले होते. त्यांच्या पुढच्या टोकाला फडक्याचे बोळे कोंबून प्रणिता ते पायात घालायची आणि पहाटे, पेणमधली त्यांची गल्ली जागी व्हायच्या आत, मागच्या दाराने बाहेर पडून भोगावती नदीच्या बाजूच्या रस्त्याला लागायची. धावायला.

हे सगळं सुरू झालं मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात. बाईंनी आयांची धावण्याची शर्यत ठेवली होती. इतर जणींबरोबर प्रणितानेही पदर खोचला, शिट्टी वाजली, आणि अर्ध्या मैदानातच तिच्या बरगडीखाली अशी कळ आली की ती फक्कीच्या रेषेवर फतकल मारून बसली. सगळ्या हसल्या, तीही हसली. घरी जाताना नमूने विचारलं, "आई, तू पडलीस का दमलीस?"

"दमले गं," प्रणिता म्हणाली. पडले असं म्हणणं सोपं गेलं असतं, असं तिला उगाचच वाटून गेलं.

दमणार नाही तर काय? पेणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, बुडाखाली खुर्ची. लग्नाआधीपासून तेच. बोटं आणि जीभ सोडली तर अंगातलं काही हलतच नव्हतं. मग एका पहाटे ती उठली आणि चालायला गेली. चालता चालता दोन खांबांमधलं अंतर धावून बघितलं. दुसऱ्या खांबाला मिठी मारूनच थांबली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. आणि पुढे थंडीच्या एका पहाटे, दोन्ही बाजूंना वालाची शेतं असलेल्या त्या सरळ रस्त्यावर, तिचा श्वास आपोआप लयीत आला. पाय त्यांचे ते पडत होते आणि ती नुसती त्यांच्यासोबत निघाली होती. त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या थापताना ती गुणगुणत होती, आणि हरेशने तव्यावरची भाकरी करपेपर्यंत तिच्याकडे बघत राहून विचारलं, "काय झालंय काय तुला?"

तेव्हा त्याला सांगितलं. त्याला एकट्यालाच. तो आधी हसला, मग तिची टाच बघितल्यावर हसायचा थांबला. "हे बूट टाकून दे. धावायचे वेगळे बूट मिळतात. स्वतःला घेऊन ये."

स्वतःला घेऊन ये! बोलायला काय जातं. चौतीस वर्षांची बाई चपलांच्या दुकानात जाऊन धावायचे बूट मागणार, आणि तेही पेणमध्ये, जिथे तिने तोंड उघडलं की लोक माना वळवायचे. तिचा चेहरा फार जणांना ठाऊक नव्हता, पण आवाज सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. "हॅलो, पेण एक्स्चेंज. बोला, तुमची मुंबई लागतेय." बाजारात पाव किलो मिरची मागितली तरी भाजीवाली विचारायची, "ताई, तुमी फोनवाल्या ना?"

तरी ती गेली. बाजारपेठेतल्या दुकानासमोरून दोनदा नुसतीच पुढे गेली, तिसऱ्या खेपेला पायरी चढली. आत बाकड्यावर बसून शेजारच्या काशीबाई रबरी सपाता बघत होत्या. प्रणिता दारातच थांबली.

"ये ये," काशीबाई सरकून बसल्या. तिच्याकडे बघून अशा काही मायेने हसल्या की प्रणिता गोंधळलीच. "तुझ्यासारखी सून मिळायला नशीब लागतं हो. मी आमच्या घरी रोज सांगते."

"काय दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

"बूट," प्रणिता म्हणाली. "पळायचे. म्हणजे खेळायचे."

"मुलाला का मुलीला?"

आता सांगावं. आताच. "मुलीला," प्रणिता म्हणाली.

अशा रीतीने नमूला, गरज नसताना, शाळेचे नवे काळे बूट मिळाले. ती भलतीच खूश झाली. हरेश जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाला, "रोह्याला जा. तिथे गोविंदाशेठचं दुकान हाय. धाटावच्या कंपन्यांतली पोरं कबड्डीचे, पळायचे बूट तिथूनच घेतात. रोह्यात तुला कोण ओळखतंय?"

हे तिला पटलं. रोह्यात आपल्याला कोण ओळखतंय.

अडचण एकच होती, सासूबाई. सीताबाईंचा जन्म खाडीकाठचा. माहेर मिठागरातलं आणि सासरही मिठागरातलंच. मुलगा कंपनीत लागल्यावर त्या पेणला आल्या, पण कण्हत कुथत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. घरातलं त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. पहाटेच्या धावण्याबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, तेव्हा त्यांना त्या वेळी गाढ झोप लागत असणार असं प्रणिताने धरून चाललं होतं.

"आई, मी रविवारी रोह्याला जाऊन येते. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे."

"रोह्याला?" सीताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग मी पन येते. पुतळीला बघून किती दिस झाले. तू तुज्या मैत्रिणीकडं जा, मी माज्या बहिणीकडं जाते."

आता नाही कसं म्हणणार?

रविवारी सकाळच्या गाडीने दोघी निघाल्या. हरेश आणि नमू घरी राहिले. सीताबाईंच्या मांडीवर बहिणीसाठी वालाच्या शेंगांची पिशवी. गाडी नागोठणं सोडून पुढे निघाली तशा त्या खिडकीतून डोंगर बघत म्हणाल्या, "तुजी मैत्रीण कुठं राहाते?"

"बाजाराजवळ," प्रणिता म्हणाली. गोविंदाशेठचं दुकान बाजाराजवळ होतं, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं, अशी तिने आपली समजूत घातली.

पुतळीमावशीने दारातच बहिणीला मिठी मारली. चहा झाला, पोहे झाले. दोघी बहिणी बोलायला लागल्या की तिसऱ्याची गरज नसते. प्रणिता हळूच उठली.

दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. छतापर्यंत खोकी रचलेली, मध्ये एक बाकडं, जमिनीलगत पाय बघायचा तिरपा आरसा. बाकड्यावर दोन तगडे तरुण बसून एकमेकांच्या बुटांच्या नाड्या ओढून बघत होते. गल्ल्यावर गोल चेहऱ्याचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस वर्तमानपत्र वाचत होता. प्रणिताने मनातल्या मनात वाक्य घोकून ठेवलं होतं. ते तिने एका दमात म्हणून टाकलं.

"मला धावायचे बूट हवेत, माझ्यासाठीच."

त्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला आणि तिच्याकडे टक लावून बघितलं.

"पुन्हा बोला," तो म्हणाला.

झालं. प्रणिताचे कान तापले. "बूट. धावायचे," ती पुटपुटली.

"असं नाय. हॅलो म्हणा. पेण एक्स्चेंज म्हणा."

तिने नकळत, सवयीने म्हटलं, "हॅलो, पेण एक्स्चेंज."

गोविंदाशेठ ताडकन उभा राहिला. वर्तमानपत्र खाली पडलं. "अरे, ह्याच त्या! जितेश, उठ, बाईंना बसू दे! ह्याच त्या, मी सांगत नसतो?" दोघांतला एक तरुण गोंधळून उठला. शेठ गल्ल्यामागून बाहेर आला आणि हात जोडून तिच्यासमोर उभा राहिला. "माझ्या बायकोचं माहेर पेणचं. बाळंतपणाला तिकडं गेलेली. पावसाचे दिवस. मी इथून फोन लावतोय, लाइन अशी की नुसती खरखर. सासूबाई पलीकडून ओरडतायत, मला अक्षर कळत नाय. मी इकडं रडकुंडीला आलो. आणि मध्येच तुमचा आवाज, अगदी स्वच्छ. 'मी सांगते. मुलगी झालीय म्हणतायत. दोघी बऱ्या आहेत.' व्हय ना? तुम्हीच ना?"

प्रणिता आठवू लागली. तिने किती जणांना काय काय सांगितलं होतं! कुणाची बस चुकलेली, कुणाचा निकाल, कुणाचा ताप उतरलेला. लाइन खराब असली की ती मध्ये पडून निरोप पोचवायचीच, नियमात ते बसत नव्हतं तरी. हा एक निरोप काही तिला आठवला नाही.

"मीच असेन," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "पण मला आठवत नाही हो."

"तुम्हाला कसं आठवेल? आठवायचं काम आमचं," गोविंदाशेठ म्हणाला आणि खूश होऊन हसला. "आता तिसरीत हाय माझी पोरगी. बसा. कुणासाठी बूट म्हणालात?"

"माझ्यासाठी," प्रणिता म्हणाली, आणि या खेपेला ते तोंडातून सहज निघालं. आपण इतकी घाबरलो होतो ते कुणाला, हेच क्षणभर तिला कळेना.

कुणी हसलं नाही. शेठने विचारलं, कुठे धावता, डांबरावर की मातीवर, किती धावता, काय दुखतं. तिने टाच दाखवली. जितेशने वाकून बघितलं आणि ओळखीची गोष्ट दिसावी तसा म्हणाला, "मोठा बूट घातला की असंच व्हतं. मला पन झालेलं." बायकांसाठीचे असे बूट दुकानात नव्हतेच. शेठने पुरुषांच्या बुटांतली लहानातली लहान खोकी वरून काढली. पहिला जोड घट्ट झाला. दुसरा टाचेत ढिला. तिसरा पांढरा, बाजूला निळे पट्टे, आत मऊ गादी. प्रणिताने पाय घातला, शेठने अंगठ्यापुढे बोटाने दाबून बघितलं, नाड्या ओढल्या. ती उभी राहिली. जमीन एकदम वेगळीच लागली, जरा आपुलकीची.

"छान आहेत. घेते," ती घाईने म्हणाली.

"घेते काय? धावून बघा आधी."

"इथे?"

"इथे कसं? बाहेर गल्लीत. त्या शिंप्याच्या दुकानापर्यंत जा आणि या. उभं राहून बूट कळतो व्हय?"

प्रणिताने बाहेर बघितलं. रविवारची सकाळ. शिंपी मशीन घेऊन दारातच बसलेला. समोर कांदेवाली. एक म्हातारा सायकल टेकवून विडी शिलगावत होता. आणि ती नेसली होती साडी, सासूबाईंसोबत यायचं म्हणून चांगली, जांभळ्या काठाची.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"पेणला धावताच ना?"

"तिथे अंधार असतो."

यावर बोलला तो जितेश. "ताई, मी पयल्यांदा मैदानात उतरलो ना, तेव्हा माजे पाय असे लटपटत व्हते की शिट्टी वाजायच्या आधीच बसलो खाली. लोक हसले. मंग गेले घरी जेवायला. लोकांना पन घरी जायचं असतंच."

प्रणिताला हसू आलं. ते हसू ओसरायच्या आत तिने पदर कमरेला खोचला, एका हाताने निऱ्या उचलल्या आणि पायरी उतरली.

पहिली काही पावलं लाजेतच गेली. कांदेवाली "अगो बया" म्हणाली तेही ऐकू आलं. पण मग पाय त्यांच्या लयीत पडले. टाच कुठे घासत नव्हती. बोटं मोकळी होती. बूट पायाला धरून होता आणि तरी हलका होता. तिला वाटलं, शिंप्याच्या पुढेसुद्धा जावं, आणि ती गेलीच. कोपऱ्यावर वळायला म्हणून वळली, तर समोरून मासळीची पिशवी घेऊन सीताबाई आणि पुतळीमावशी येत होत्या.

प्रणिता जागच्या जागी थांबली. निऱ्या हातातच राहिल्या.

"अगो!" सीताबाईंचा आवाज चढला. "कोण मागं लागलाय तुज्या? कुठं पळतेस?"

"आई... कुणी नाही."

सीताबाईंची नजर खोचलेल्या पदरावरून खाली खाली जात बुटांवर येऊन थांबली. पुतळीमावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गल्लीतली मशीनची टकटकही थांबली होती.

"मी धावते, आई. पहाटे. बरेच दिवस झाले. बूट घ्यायला आले होते. मैत्रीण वगैरे कुणी नाही."

"पहाटे जातेस ते मला ठाव हाय," सीताबाई म्हणाल्या. "मागचं दार वाजतं ना. मी काय बहिरी हाय? मला वाटलं, नवस बोललीस तू. देवळात जातेस अनवाणी. मी विचारलं नाय. नवस सांगायचा नसतो म्हनून. त्या काशीबाईला पन सांगितलं मी, माजी सून रोज पहाटे देवाला जाते."

प्रणिताला काशीबाईंचं ते मायाळू हसू आठवलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. आख्ख्या आळीत ती देवभक्त म्हणून ठरली होती तर!

"हसू नको," सीताबाई म्हणाल्या. त्यांना खरंच लागलं होतं. "धावतेस तर धाव गो. पन माज्यापासून लपवायचं? मी काय पोलीस हाय?"

"चुकलं माझं," प्रणिता म्हणाली. "तुम्ही काय म्हणाल असं वाटलं."

"मी म्हनायच्या आधी तूच म्हनून टाकलंस माजं."  मग त्यांचा आवाज खाली आला. "काय व्हतं धावून?"

प्रणिताने काय सांगावं याचा विचार केला. डॉक्टर, वजन, गुडघे, सांगण्यासारखं पुष्कळ होतं. "बरं वाटतं," ती म्हणाली.

"मंग झालं तर."

इतका वेळ कसंबसं गप्प राहिलेल्या पुतळीमावशीला आता राहवेना. "अगो, ही काय बोलते! ही स्वतः कशी व्हती इचार. मिठागराच्या बांधावरून पळायची ना, तर पोरगेसुदा मागं राह्याचे. एकदा उधाणाचं पाणी शिरलं, बांध फुटला, तर बांध बांधायला मानसं बोलवायला हीच गेली पळत गावात. मी हिच्या मागं, रडत. मला नाय कधी गावली ती."

"गप गो तू," सीताबाई म्हणाल्या, पण चेहरा उजळला होता.

तिघी दुकानात आल्या. गोविंदाशेठने फोनची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आता दोन्ही बहिणींसाठी, आणि यात पावसाचा जोर बराच वाढलेला होता. सीताबाईंनी ती मान डोलवत ऐकली. मग बूट हातात घेऊन उलटापालटा केला, तळ वाकवून बघितला, आत हात घालून गादी चाचपली. "दुसरा रंग नाय? हा लगेच मळेल."

"लाल हाय, पन तो टाचेत ढिला पडतो त्यांना."

"मंग नको. पाय सांभाळायचा, रंग काय करायचाय." आणि एकदम बाकड्यावर बसत म्हणाल्या, "मला बघू एक घालून."

प्रणिता चकित होऊन बघत राहिली. शेठने जराही न हसता खोकं काढलं. सीताबाईंचे पाय आयुष्यभर चिखलात आणि मिठात उभे राहिलेले. पंजे रुंद, बोटं फाकलेली, टाचांना भेगा. पहिला बूट अर्ध्यातच अडला. मग जितेशने पुढे होऊन मोठ्या मापाचा जोड दिला, तोच त्यांच्या पायात नाड्या बांधू लागला. सीताबाई उभ्या राहिल्या, नऊवारीखाली पांढरे बूट, आणि दुकानाच्या त्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आल्या. सगळे वाट बघत होते.

"नाय बा," त्या बसत म्हणाल्या. "कोंबडी खुराड्यात कोंडल्यागत वाटतं पायाला. काढ रे पोरा."

पुतळीमावशी इतकी हसली की मासळीची पिशवी तिच्या मांडीवरून घसरली.

प्रणिताने निळ्या पट्ट्यांचे बूट घेतले. शेठ वरून मोज्यांचा एक जोड देऊ लागला, आपल्या पोरीच्या नावाने म्हणाला, आणि ती नको म्हणत असताना सीताबाईंनीच तो घेऊन पिशवीत टाकला. दुपारी मावशीकडे कोलंबीचं कालवण आणि भात झाला. जेवताना सासूबाईंनी तिला विचारून घेतलं, कुठल्या रस्त्याने जातेस, कुत्री भुंकतात का, परत येताना उजाडतं का. शेवटी हुकूम सुटला, "आता अंधारात जायचं नाय. दिसलं पायजे रस्त्यात काय हाय ते. लोक बघतील तर बघूंदेत."

म्हणून सोमवारी प्रणिता उजाडल्यावर निघाली. नवे बूट घातले म्हणून ती काही वाऱ्यासारखी धावली नाही. सुरुवातीला नेहमीसारखीच धाप लागली, बरगडीखाली नेहमीची कळही आली, आणि पुलाजवळ ती थोडा वेळ चाललीसुद्धा. पण उजेडात तो रस्ता तिने धावताना कधी बघितलाच नव्हता. वालाच्या वेलींवर दव होतं, बांधावर बगळे ओळीने उभे होते, आणि दूर डोंगराच्या कडेला धुकं हळूहळू वर सरकत होतं. ती पुन्हा धावू लागली.

मागून कंपनीच्या पहिल्या शिफ्टची बस आली. शेजारून जाताना खिडक्यांतून माना बाहेर आल्या, कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी ओरडलं, "ओ ताई, बस चुकली काय?" प्रणिताने हात वर करून हलवला आणि तशीच धावत राहिली. बस धूर सोडत वळणापलीकडे गेली. रस्ता पुन्हा मोकळा झाला. ती नेहमी परतायची त्या आंब्याच्या झाडाशी आली, थांबली नाही, आणि पुढे निघाली.